कमळाबाईचा डावा हात

आमलीत रविवारी पहिलं रक्त सांडतं ते कमळाबाईच्या दुकानात. दुसरं सांडतं ते दुकानासमोरच्या रांगेत, कारण माझा नंबर आधी की तुझा यावरून तिथं कुणीतरी कुणाची गचांडी धरतोच. मग कमळाबाई सुरा हातात घेऊन नुसती उंबऱ्यापर्यंत येते. ते दोघे लगेच एकमेकांच्या गळ्यात हात टाकून सांगतात की आम्ही मावसभाऊ आहोत, आमचं आपलं चाललंय.

बाई साक्रीकडची. नवरा नथू धाग्याच्या कंपनीत मशीनवर लागला, त्याच्यामागून इथं सिल्वासाच्या आमलीत आली. नथू मशीनचा आवाज ऐकून ऐकून निम्मा बहिरा झाला, आणि त्यांचा संसार इतका सुखाचा का झाला हे आमलीला तेव्हाच कळलं. बाई बोलायला लागली की अर्धं खानदेशी, अर्धं गुजराती आणि उरलेलं शिवीत. वीस वर्षं कोंबड्या मारल्या. अंगाला पिसांचा वास कायमचा. लग्नाला अत्तर लावून आली तरी शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावून म्हणायची, "आज जेवणात काय आहे ते कळलं."

पण मारायची तिची रीत वेगळी होती. बाकीच्या दुकानांत मान चिरली की कोंबडी निळ्या पिंपात फेकतात. आत ती आपटत राहते, पिंप ढोलासारखं वाजतं, गिऱ्हाईक मोबाइल बघत उभं राहतं. कमळाबाईकडे पिंपच नव्हतं. ती डाव्या हाताने पक्षी कुशीत घ्यायची, पंख कोपराखाली दाबायची आणि डाव्याच हाताची बोटं गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवरून फिरवायची. पिशवी मऊ असली, कडक असली, आत पाणी असलं, यावरून तिला पक्षी कालपासून काय खाऊन बसलाय आणि आजारी आहे का ते कळायचं. आजारी असला तर परत जाळीत. बरा असला तर बोटं वर सरकायची, जबड्याखाली एका जागी थांबायची, आणि त्या जागी सुरा एकदाच फिरायचा. मग जीव पूर्ण जाईपर्यंत ती त्याला तसाच धरून ठेवायची. रक्त मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून खाली मोरीत. पाठीमागे रांग शिव्या घालते आहे आणि बाई डोळे मिटून उभी.

"ज्याले मारायचं त्याले मरताना एकटं टाकायचं नही," एवढंच ती सांगायची. ज्याला घाई असेल त्याने पिंपवाल्याकडे जावं. जायचं कुणी नाही, कारण तिच्याकडची कोंबडी शिजायलाही चांगली असायची.

तिचं सगळ्यात बोलकं गिऱ्हाईक म्हणजे विश्वनाथ सर. गुहागरचे, इथं सरकारी शाळेत विज्ञान शिकवणारे, निवृत्तीला आलेले, टोकरखाड्यात राहणारे. दर रविवारी साडेनऊला स्कूटरवरून यायचे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. ऑर्डर दिली की दुकानाकडे पाठ करून उभे राहायचे. समोर मोबाइलचं दुकान होतं, त्याच्या पाटीकडे बघत त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. मागे कोंबडी मरायची, पुढे सरांचं तत्त्वज्ञान चालायचं.

"कमळाबाई, ज्ञान दोन वाटांनी येतं. एक इंद्रियांची, एक बुद्धीची. इंद्रियं फसवतात. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते. बुद्धी सांगते की ती सरळ आहे."

"मग बुद्धीले सांगा ना मुंडी कापायले."

"तसं नव्हे. तुमचा हात जे करतो ती सवय झाली. ज्ञान म्हणजे जे शब्दांत सांगता येतं, दुसऱ्याला शिकवता येतं."

"माझ्या आईने मला शब्दात नही शिकवलं. हातावर चापट मारून शिकवलं."

"आणि दुसरं असं की, माणूस निसर्गाचाच एक अंश आहे. ह्या पक्ष्यात आणि तुमच्या-माझ्यात एकच चैतन्य खेळतंय."

"चैतन्य एक किलो देऊ का दीड?"

"सव्वा," सर पाटीकडे बघत म्हणायचे. "करी कट."

हे असं बारा वर्षं चाललं होतं. दोघांनाही एकमेकांशिवाय रविवार गोड लागत नसावा.

मग दिवाळीनंतर एका सकाळी पिसं काढायच्या उकळत्या पाण्यात कमळाबाईने डावा हात मनगटापर्यंत घातला आणि तसाच ठेवला. नथू ओरडला तेव्हा तिने खाली बघितलं. कातडी लाल होऊन सुटायला लागली होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

"जुनं कातडं शे, त्याले काय होतंय," असं म्हणून तिने हळद लावली. पण आतून ती हबकली. त्या दिवसापासून ती चोरून हात तपासायला लागली. चहाचा ग्लास डाव्या हातात धरायचा, तव्याच्या कडेला बोट लावायचं, सुईने टोचायचं. सुई आत जायची, रक्ताचा थेंब यायचा, आणि मधलं जे काही असतं ते यायचंच नाही. बोटांवर कुणीतरी गोणपाट गुंडाळून ठेवलंय, असं तिला वाटायचं.

कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? मुलगा समाधान आधीच टपलेला. त्याला ते दुकान रिकामं करून मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा विकायच्या होत्या. "आई, लोक पोरगी द्यायलाही बघत नव्हते ह्या रक्तापायी," तो म्हणायचा. पोरगी मिळाली होती, सोनम नावाची, कंपनीत पॅकिंगला जाणारी, पण तक्रार चालूच होती. आई थकली की शटर खाली, कव्हरं वर. आणि कमळाबाईला दुकानाबाहेरची कमळाबाई कशी असते ते माहीतच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिच्या हातून पक्षी वाईट मरायला लागले. बोटांना जागा सापडायची नाही. सुरा खाली बसायचा, वर बसायचा. एकदा एका गावठी कोंबड्याची मान चुकली. त्याने अर्ध्या कापल्या गळ्यानिशी उलटून तिच्या दंडात नख्या रोवल्या आणि कोपरापर्यंत मांस फाडत आणलं. तिने सोडला नाही. दुसऱ्यांदा चिरला, तिसऱ्यांदा चिरला. भिंतीवर, वजनकाट्यावर, गिऱ्हाइकाच्या चपलेवर रक्त. कोंबडा मेला तेव्हा मान कातडीच्या दोन तारांवर लटकत होती.

"अम्मा, आज क्या हो गया?" गिऱ्हाईक म्हणालं.

"तुले आणखी ताजं पाहिजे होतं ना," ती म्हणाली.

पण दुपारी शटर अर्धं ओढून ती मोरीपाशी बसून राहिली. दंडाला टाके पडले त्याचं तिला काही नव्हतं. तो कोंबडा तिच्या कुशीत भिऊन मेला होता. आजवर तिच्या कुशीत मेलेला पक्षी घाबरलेला नसायचा. हे तिला तिच्या बोटांनी सांगितलेलं होतं, आणि आता ती बोटं काहीच बोलत नव्हती.

मग आली गटारी. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी आमलीत असा एकही माणूस नसतो ज्याला उद्यापासून महिनाभर सात्त्विक राहायचंय आणि आज त्याचा सूड घ्यायचा नाही. रांग रिक्षास्टँडपर्यंत गेली. सकाळपासून दोन नाकं फुटली, एक चष्मा. कमळाबाईने डाव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं, पकड घसरू नये म्हणून. पक्षी, सुरा, पक्षी, सुरा. धरून ठेवायलाही वेळ नव्हता. त्या दिवशी तिने पहिल्यांदा काही पक्षी तडफडते तसेच मोरीत टाकले.

विश्वनाथ सर साडेनऊला आले, पाठ फिरवून उभे राहिले आणि गर्दीतही त्यांनी विषय काढला.

"कमळाबाई, आज मला असं वाटतंय की निरीक्षण हाच ज्ञानाचा पाया आहे. बघणं. लक्ष देऊन बघणं."

ठोकळ्यावर सत्तूर धडाधड पडत होता. सरांना वाटलं, बाई निरुत्तर झाली. खूश होऊन त्यांनी डबा पाठीमागेच हात करून घेतला आणि घरी गेले.

टोकरखाड्यात त्यांच्या बायकोने, रजनी मॅडमनी, डबा ताटात उपडा केला. रजनी मॅडम सरकारी कार्यालयात आहेत. फायलीतलं एक पान कमी असलं तर त्यांना लांबून कळतं. हळद-मीठ लावताना त्यांच्या हाताला एक तुकडा आला. त्याला हाड होतं, पण कोंबडीचं नव्हतं. त्याला नख होतं. नखावर मेंदी होती, कुठल्यातरी लग्नातली, उतरत आलेली.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा धुतला, डब्यात बर्फ घातला, बर्फावर तो ठेवला, झाकण लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "स्कूटर काढा. परत जायचंय."

"कमी भरलं का?" सरांनी विचारलं.

"जास्त भरलंय."

दुकानात कमळाबाई अजून कापत होती. रजनी मॅडम रांग मोडून पुढे गेल्या. एकजण म्हणाला, "ओ मॅडम, लाइन," आणि त्यांच्या तोंडाकडे बघून बाजूला सरकला. त्यांनी ठोकळ्यावर डबा ठेवला, झाकण काढलं.

"कमळाबाई, हे तुमचं आहे का?"

कमळाबाईने डब्यात बघितलं. मेंदी ओळखीची वाटली, तिच्या भाचीच्या लग्नातली. मग तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. फडकं लाल होतं, पण ते रोजच लाल असतं. ती सोडायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि शेवटच्या वेढ्याबरोबर रक्ताची धार सरळ वजनकाट्यावर पडली. पहिलं बोट अर्ध्या पेरापासून नव्हतं. पांढरं हाड दिसत होतं. तिने ते हाड दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून बघितलं, जसं ती कोंबडीची पिशवी दाबायची. काही नाही.

तेव्हा ती मोरीपाशी खाली बसली. दुखलं म्हणून नाही. आपलंच बोट आपल्याला सोडून दुसऱ्याच्या पातेल्यापर्यंत जाऊन आलं, आणि ही बातमी आपल्याला डब्यातून कळावी, म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट परत लागणार नाही असं सांगितलं. रक्त तपासलं, पायाला, हाताला काहीबाही टोचून बघितलं. साखर किती वर्षं वाढलेली होती कोण जाणे. "नसा गेल्यात," ते म्हणाले. "औषध घेतलं तर पुढचं थांबेल. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. आणि सुरा आता बंद."

विश्वनाथ सर कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. त्यांच्या पिशवीत रिकामा डबा होता, आणि तो त्यांना मांडीवर जड लागत होता.

"मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो," ते म्हणाले. "नुसती मान वळवली असती तर दिसलं असतं."

"तुम्ही निरीक्षण करून राहिले होते ना," कमळाबाई म्हणाली. "पाटीचं."

बाहेर आमलीने तोवर चार गोष्टी तयार केल्या होत्या. एक, बाई पिऊन होती. दोन, नथूने तोडलं. तीन, रांगेतल्या भांडणात तुटलं. चौथी इथं लिहिण्यासारखी नाही. खरी कुणालाच माहीत नव्हती, कारण कमळाबाईने हात बधिर झाल्याचं घराबाहेर फक्त सरांना आणि मॅडमना कळू दिलं होतं. सत्तूर निसटला, एवढंच ती सांगायची.

समाधानने मुदत दिली. श्रावण संपेपर्यंत दुसरं कुणी कापणारं तयार झालं तर ठीक, नाहीतर कव्हरं. त्याला खात्री होती की कुणी नाही. पण सोनमने चहा देता देता सांगितलं, "मी करते. कंपनीत उभं राहून पाय सुजतात, आणि सुपरवायजर नुसता बडबड करतो. इथं निदान बडबड करणाऱ्याच्या समोर सुरा असतो."

शिकवायचं काम सरांनी अंगावर घेतलं. प्रायश्चित्त असावं. रोज शाळा सुटली की वही घेऊन येऊ लागले.

"सांगा. आधी काय करायचं?"

"पिशवी दाबायची."

"किती दाबायची?"

"जितकी दाबायची तितकी."

"म्हणजे हलकेच?"

"हलकेच नही."

"जोरात?"

"जोरात कशाला? फुटेल ना ती."

सरांनी लिहिलं : मध्यम दाब. असं करत अकरा पानं झाली. आकृत्या काढल्या, बाण काढले, जबड्याखालच्या जागेला 'क' नाव दिलं. सोनमने ती वही तोंडपाठ केली. कमळाबाई वहीकडे बघायची तेव्हा तिला आपला फोटो कुणीतरी काढलाय आणि त्यात आपण नाहीच, असं वाटायचं. पण हात गेलेला. वहीशिवाय जवळ होतं काय?

श्रावणानंतरच्या पहिल्या रविवारी शटर वर गेलं. महिनाभर उपाशी असलेली रांग. समाधान बाजूला हाताची घडी घालून. नथू दाराशी. सर पांढऱ्या शर्टात, आज पहिल्यांदा तोंड दुकानाकडे करून, पण डोळे वहीत.

सोनमने पक्षी कुशीत घेतला. पिशवी दाबली, मध्यम. बोटं 'क'वर ठेवली. सुरा फिरवला.

सुरा बसला, पण श्वासनळीवर. पक्षी किंचाळला, ती नळी कापल्यावर जशी शिट्टी निघते तशी, आणि सोनम दचकली, कोपर सुटलं. अर्ध्या मानेचा तो पक्षी ठोकळ्यावरून उडाला, एका माणसाच्या तोंडावर आदळला, रांगेतून धावत सुटला. डोकं पाठीवर उलटं पडलेलं आणि पाय चाललेले. रक्ताचे फवारे पायजम्यांवर, पोरांच्या बुटांवर, मोबाइलच्या दुकानाच्या काचेवर. कुणी हसलं, कुणी ओकलं, चार जणांनी शूटिंग सुरू केलं. एकाने लाथ मारली. पक्षी उलटा उडून सरांच्या छातीवर बसला आणि पांढरा शर्ट गळ्यापासून खाली भिजला.

"धरा त्याले," कमळाबाई ओरडली.

सरांनी धरला. बाकी काही सुचलं नाही म्हणून धरला. ती रांग ढकलत आली, उजव्या हातात सुरा.

"बघा. डोळे मिटू नका. डावी बोटं वर न्या. काय लागतं?"

"गरम," सर म्हणाले. "ओलं. काहीतरी धडधडतंय."

"धडधडतं तिथं थांबा. बोट काढू नका."

तिने त्यांच्या बोटाच्या कडेने सुरा ओढला. सरांच्याही कातडीवर ओरखडा आला. धडधड एकदम जोरात झाली, मग हळू, मग दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ गेला की सरांना वाटलं संपलं, आणि आणखी एक आला. ते रस्त्यातच खाली बसले. पक्षी त्यांनी सोडला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी वर बघितलं.

"हे वहीत नाही," ते म्हणाले.

"नहीच शे."

"मी शब्दच चुकीचे विचारत होतो तुम्हाला."

"शर्ट थंड पाण्यात टाका," रजनी मॅडम मागून म्हणाल्या. त्या केव्हा आल्या कुणाला कळलं नाही. "गरम पाण्यात डाग बसतो."

समाधान शटरच्या दांडीला हात लावून उभा राहिला होता. कमळाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती ठोकळ्यापाशी गेली, सोनमच्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत, आणि दुसरा पक्षी तिच्या कुशीत कोंबला. आपला तुटका डावा हात तिने सोनमच्या हातावर ठेवला. तिला ना सोनमचा हात कळत होता, ना पक्षी. तिने सोनमच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय लागतं?"

"आत्या, थरथरतोय."

"तो का तू?"

सोनमने पक्ष्याकडे बघितलं. "दोघं."

"मग तू आधी थांब. तो थांबेल."

सोनमचे खांदे हळूहळू खाली आले. बोटं वर सरकली, वहीतला 'क' ओलांडून आणखी थोडी आत गेली, आणि थांबली. कमळाबाईने काही सांगितलं नाही. सुरा एकदाच फिरला. रक्त दोघींच्या मनगटांवरून एकत्रच वाहिलं. पक्ष्याने पंख एकदा ताणले, आणि मग त्याची मान सोनमच्या दंडावर नुसती पडून राहिली.

तिसरा, चौथा, पाचवा. एकात सुरा थोडा चुकला, सोनम रडली, पण तिने सोडला नाही. समाधान केव्हातरी दांडी सोडून पिसं काढायला बसला. तोंड वाकडं करून, पण बसला.

मग निलेश रिक्षावाला पुढे आला. त्याच्याकडे सासरची माणसं यायची होती. त्याने जाळीतला सगळ्यात मोठा कोंबडा दाखवला. तुरा लालभडक, डोळे चकचकीत, छाती ही एवढी. कमळाबाईच्या मनात आलं, असा माल महिन्यात एकदा येतो.

सोनमने त्याला कुशीत घेतलं, बोटं फिरवली, परत फिरवली, आणि खाली ठेवला.

"हा नको."

"का नको?" निलेश म्हणाला.

"पिशवी दगडासारखी लागते. आणि खाली पोटात पाणी हलतंय."

"काहीतरीच. बघ की कसला टंच आहे. वहिनी, तुला आज सकाळी तर सुरा धरता येत नव्हता." रांगेत हशा पिकला. निलेशला चेव आला. "कमळाबाई, तुम्ही हात लावा. तुमच्या हाताचं आपण मानतो. तुम्ही चांगला म्हणाल तर चांगला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने डावा हात कोंबड्याच्या छातीवर ठेवला. चार बोटं आणि एक अर्धं. गोणपाटापलीकडे काहीतरी असेल, नसेल. डोळ्यांना तर कोंबडा ठणठणीत दिसत होता. हात थोडा दाबून, मान हलवून, काहीही म्हणता आलं असतं; वीस वर्षांच्या नावावर ते खपलंही असतं.

"माझ्या हाताले काही समजत नही," ती मोठ्याने म्हणाली, रिक्षास्टँडपर्यंत जाईल अशी. "दिवाळीपासून समजत नही. बोट गेलं तेही समजलं नव्हतं. ती म्हणते नको, म्हणजे नको."

निलेशने जाळीत वाकून बघितलं. "पण दुसरे सगळे बारीक आहेत," तो म्हणाला.

"तुझा सासरा काय पैलवान शे? बारीक खाईल. सोनम, ह्याले तो पांढरा दाखव."